जहाजाचं गाव कोणतं?

(हर्नडन इथल्या बैठकीत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. बोलण्याच्या ओघातले काही तुकडे गाळले आहेत, बाकी जसंच्या तसं ठेवलं आहे.)



दोन मराठी माणसं भेटली की तिसऱ्या वाक्याला एक प्रश्न हमखास येतो, "गाव कोणतं तुमचं?" आपण इथे पंचवीस वर्षं राहिलो तरी उत्तर सातारा किंवा राजापूर असंच देतो. समुद्रावर जहाजालाही हाच प्रश्न विचारतात. जहाजाच्या मागच्या बाजूला त्याचं नाव रंगवलेलं असतं आणि नावाखाली एका बंदराचं नाव असतं. मन्रोव्हिया, माजुरो, पनामा, व्हॅलेटा. ते त्याचं गाव. गंमत अशी की त्या जहाजाने ते गाव जन्मात पाहिलेलं नसतं, मालक तिथला नसतो, खलाशी तिथले नसतात. पण कायदा त्या रंगवलेल्या अक्षरांवर विश्वास ठेवतो. भर समुद्रात त्या जहाजावर काही घडलं, मारामारी झाली, पगार बुडाला, कुणी मेलं, तर पहिला अधिकार त्या गावच्या सरकारचा.

या विश्वासाची किंमत कोण मोजतं, एवढाच आजचा विषय आहे. मी सांगणार असलेल्या प्रत्येक प्रकरणात तुम्ही मनात एक प्रश्न धरून ठेवा: कोर्टाचं दार कुणी ठोठावलं?

आधी नियम थोडक्यात. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत त्या देशाची हद्द. २४ मैलांपर्यंत जकात, परदेशी लोकांचा प्रवेश, रोगराई अशा बाबतींत थोडा अधिकार. २०० मैलांपर्यंत मासळी, तेल, वायू यांच्यावर हक्क. त्यापलीकडे भर समुद्र, तो कुणाच्याच मालकीचा नाही. हे सगळं संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ च्या सागरी कायदा करारात लिहिलेलं आहे. भारताने तो १९९५ मध्ये मंजूर केला. आपण जिथे बसलो आहोत त्या देशाने अजून केलेला नाही, पण त्यातला बराचसा भाग रूढ कायदा म्हणून अमेरिकाही पाळते.

भर समुद्रात जहाजावर झेंड्याच्या देशाचा कायदा चालतो. अपवाद मोजके. चाचेगिरी असेल तर कुठल्याही देशाच्या नौदलाने पकडावं आणि पकडणाऱ्या देशाच्या कोर्टाने खटला चालवावा. ज्या जहाजाला झेंडाच नाही, किंवा खोटा आहे, त्याला थांबवून तपासता येतं. करारात असंही म्हटलंय की जहाज आणि झेंड्याचा देश यांच्यात 'खरा संबंध' असला पाहिजे. खरा म्हणजे किती खरा, ते मात्र लिहिलेलं नाही. सगळी पळवाट या एका शब्दात आहे.

मंगोलियाला समुद्र नाही. तरी २००३ पासून मंगोलियाच्या झेंड्याची जहाजं समुद्रावर फिरू लागली, आणि त्यांची नोंदणी सिंगापूरमधून व्हायची. हे ऐकून आपण हसतो. पण हसण्याआधी आपल्या अंगणात बघू. जगात सर्वांत जास्त जहाजी टनेज ज्या तीन झेंड्यांखाली आहे ते म्हणजे लायबेरिया, पनामा आणि मार्शल बेटं. मार्शल बेटांची लोकवस्ती पन्नास हजारांहूनही कमी. त्यांच्या जहाजनोंदणीचा कारभार पाहणाऱ्या कंपनीचं मुख्य कार्यालय रेस्टनमध्ये आहे. लायबेरियाच्या नोंदणीचा कारभार पाहणारी कंपनी डलसला आहे. इथून दोन्हीकडे दहा-पंधरा मिनिटांत गाडीने पोचाल. आपल्यापैकी कितीतरी जण रोज कामावर जाताना त्या रस्त्यांनी जातात.

लायबेरियाची ही नोंदणी १९४८ साली सुरू झाली ती एडवर्ड स्टेटिनियस यांच्या पुढाकाराने. ते अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री. कल्पना साधी होती: मालक अमेरिकन किंवा ग्रीक, झेंडा लायबेरियाचा, कर कमी, आणि खलाशी कुठल्याही देशातून स्वस्तात घ्यायची मोकळीक. या कंपन्या काही बेकायदा करतात असं मी म्हणत नाही. त्यांचे तपासनीस असतात, नियम असतात, आणि मोठ्या नोंदण्यांची जहाजं बहुतेक वेळा चांगल्या स्थितीत असतात. मला एवढंच दाखवायचंय की जहाजाचं 'गाव' हा आता एक व्यवसाय आहे, आणि त्या व्यवसायाची दोन मोठी दुकानं आपल्या शेजारी आहेत.

आता या गावाचं नावच बघा. हर्नडन हे नाव कमांडर विल्यम लुईस हर्नडन यांच्यावरून पडलं. अमेरिकन नौदलातला हा अधिकारी 'सेंट्रल अमेरिका' नावाच्या टपाल आणि प्रवासी जहाजाचा कप्तान होता. सप्टेंबर १८५७, म्हणजे तिकडे दिल्ली इंग्रजांच्या हाती पुन्हा पडत होती तो महिना. कॅलिफोर्नियातलं सोनं आणि सोनं कमावून परतणारे लोक घेऊन जहाज पनामाकडून हवानामार्गे न्यूयॉर्कला निघालं होतं. कॅरोलायनाच्या किनाऱ्याबाहेर वादळात सापडलं. हर्नडनने बायका आणि मुलांना दुसऱ्या जहाजावर पोचवलं, आणि १२ सप्टेंबरला स्वतः जहाजाबरोबर गेला. सुमारे सव्वाचारशे माणसं बुडाली. सोनं बुडाल्यामुळे त्या वर्षीची अमेरिकेतली आर्थिक घबराट आणखी वाढली. पुढच्याच वर्षी इथे पोस्ट ऑफिस झालं, आणि गावाला त्याचं नाव मिळालं.

गोष्ट इथे संपत नाही. १९८८ मध्ये ओहायोतल्या एका कंपनीला ते जहाज सापडलं. किनाऱ्यापासून सुमारे १६० मैल, आठ हजार फूट खोल. म्हणजे अमेरिकेच्या हद्दीच्या कितीतरी बाहेर. मग त्यावर कोर्ट कुठलं? कंपनी आपल्याच राज्यात, नॉरफोकच्या फेडरल कोर्टात गेली. तिथे जुना सागरी कायदा कामाला आला. या कायद्यात दावा माणसावर न लावता थेट जहाजावर लावता येतो. जहाज स्वतःच प्रतिवादी. समुद्राच्या तळातून आणलेली एखादी वस्तू कोर्टात हजर केली, तर सगळं जहाजच कोर्टासमोर आलं असं मानता येतं. आठ हजार फूट पाण्याखालच्या, कुणाच्याच हद्दीत नसलेल्या जहाजावर व्हर्जिनियातल्या न्यायाधीशाचा हुकूम चालला, आणि बाकीच्यांना तिथे फिरकायला बंदी झाली.

मग विमा कंपन्या आल्या. १८५७ साली आम्ही भरपाई दिली, सोनं आमचं, असं त्यांचं म्हणणं. खालच्या कोर्टाने १९९० मध्ये सगळं शोधणाऱ्याला दिलं. १९९२ मध्ये रिचमंडच्या अपील कोर्टाने तो निकाल फिरवला: विमा कंपन्यांनी हक्क सोडलेला नाही, शोधणाऱ्याला बक्षीस मिळेल, मालकी नाही. शेवटी त्यांच्या वाट्याच्या सोन्याचा ९० टक्के हिस्सा शोधणाऱ्याला मिळाला. पुढे शोधमोहिमेच्या प्रमुखावर गुंतवणूकदारांनी दावे लावले, तो २०१२ मध्ये फरार झाला, २०१५ मध्ये फ्लोरिडात सापडला आणि सोन्याची नाणी कुठे आहेत ते सांगेना म्हणून कित्येक वर्षं तुरुंगात राहिला.

मला या प्रकरणातून एकच गोष्ट उचलायची आहे. १३० वर्षांनंतर, भर समुद्रात, दीड मैल खोल, तरी कायद्याचा हात पोचला. कारण सोन्याला वारस होते, आणि वारसांना वकील होते. समुद्रावर कायदा पोचत नाही असं जेव्हा कुणी म्हणतं तेव्हा हे प्रकरण आठवा.

आता मुंबईला जाऊ.

ऑक्टोबर १९९९. 'अलोंड्रा रेनबो' नावाचं जहाज सुमात्रातल्या क्वाला तांजुंग बंदरातून जपानला निघालं. मालक जपानी, झेंडा पनामाचा, कप्तान आणि मुख्य इंजिनिअर जपानी, बाकी पंधरा खलाशी फिलिपिनो. माल म्हणजे सुमारे सात हजार टन अॅल्युमिनियमच्या लाद्या. बंदर सोडल्यावर काही तासांतच चाचे चढले. सतरा जणांना आधी डांबून ठेवलं, नंतर तराफ्यावर बसवून समुद्रात सोडून दिलं. दहाएक दिवसांनी थायलंडच्या मच्छिमारांनी त्यांना वाचवलं. तोपर्यंत जहाजाचं नाव पुसून 'मेगा रामा' असं रंगवलेलं होतं आणि झेंडा बेलीझचा लागला होता. बेलीझकडे चौकशी केली तर अशा नावाचं जहाजच नोंदलेलं नाही.

नोव्हेंबरमध्ये ते अरबी समुद्रात दिसलं. तटरक्षक दलाच्या 'ताराबाई' या गस्ती नौकेने पाठलाग केला. करवीरच्या महाराणींचं नाव घेतलेली ही नौका एवढ्या मोठ्या जहाजामागे लागली, हे चित्रच मजेचं. इशारे दिले, गोळीबार केला, जहाज थांबेना. मग नौदलाची 'प्रहार' आली. १६ नोव्हेंबरला चाचे शरण आले, तोवर त्यांनी जहाजाला आग लावून ते बुडवायचा प्रयत्न केला होता. जहाज आणि पंधरा इंडोनेशियन आरोपी मुंबईला आणले, आणि प्रकरण यलोगेट पोलीस ठाण्यात दाखल झालं.

आता त्या पोलीस अधिकाऱ्याच्या जागी बसून विचार करा. मालक जपानी, झेंडा पनामाचा, खलाशी फिलिपिनो, आरोपी इंडोनेशियन, गुन्हा मलाक्काच्या बाजूला. भारताचा संबंध फक्त पकडण्यापुरता. आंतरराष्ट्रीय कायदा म्हणतो, चाचेगिरी आहे, खुशाल खटला चालवा. पण भारतीय दंड संहितेत चाचेगिरी नावाचा गुन्हाच नव्हता. मग दरोडा, खुनाचा प्रयत्न, बनावट कागदपत्रं अशी कलमं जोडून आणि इंग्रजी अमदानीतल्या जुन्या सागरी कायद्यांचा आधार घेऊन खटला उभा केला. फेब्रुवारी २००३ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयाने चौदा जणांना सात वर्षांची सक्तमजुरी दिली. अशा प्रकारचा हा खटला जगभर गाजला. एप्रिल २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष सोडलं.

यात कुणाचा विजय झाला? तराफ्यावर तरंगत राहिलेल्या सतरा जणांना न्याय मिळाला असं म्हणता येत नाही. आणि आरोपींकडेही बघा. पाच वर्षांहून अधिक काळ परक्या देशात, परक्या भाषेत खटला लढून शेवटी निर्दोष. कायद्यात शब्द नसला की दोन्ही बाजूंची माणसं अशी भरडली जातात.

शब्द यायला किती वेळ लागला? २०११ मध्ये नौदलाने शंभराहून अधिक सोमाली चाचे पकडून मुंबईला आणले, तेव्हाही स्वतंत्र कायदा नव्हता. संसदेने सागरी चाचेगिरीविरोधी कायदा मंजूर केला तो डिसेंबर २०२२ मध्ये. मार्च २०२४ मध्ये 'आयएनएस कोलकाता'ने भारतीय किनाऱ्यापासून सुमारे २६०० किलोमीटरवर 'रुएन' हे माल्टाच्या झेंड्याचं जहाज सोडवलं, सतरा खलाशी सुखरूप बाहेर काढले आणि पस्तीस सोमाली आरोपी मुंबई पोलिसांच्या हवाली केले. या वेळी कायद्याचं पुस्तक हातात होतं. 'अलोंड्रा रेनबो'पासून मोजलं तर मधे तेवीस वर्षं गेली.

अमेरिकेत शब्द १८१९ पासून आहे, पण तोही फार सोपा नव्हता. कायदा एवढंच म्हणतो की राष्ट्रांच्या कायद्यानुसार जी चाचेगिरी, ती गुन्हा. म्हणजे नेमकं काय, हा वाद १८२० साली सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि ते प्रकरणही व्हर्जिनियातून आलेलं होतं. २०१० च्या एप्रिलमध्ये सोमाली बंदूकधाऱ्यांनी अमेरिकन नौदलाच्या दोन जहाजांवर काही दिवसांच्या अंतराने हल्ला केला. भर समुद्रातल्या गुन्ह्यातला आरोपी देशात जिथे प्रथम उतरवला जातो तिथे खटला चालतो, म्हणून दोन्ही खटले नॉरफोकला. एका न्यायाधीशाने म्हटलं, लूट झालीच नाही, मग ही चाचेगिरी नाही. त्याच इमारतीतल्या दुसऱ्या न्यायाधीशाने म्हटलं, सशस्त्र हल्ला पुरेसा आहे. दोन वर्षांनी, २०१२ मध्ये, अपील कोर्टाने दुसरं मत उचललं. एक गाव, एक कोर्ट, एक कायदा, तरी दोन उत्तरं.

इथे मागच्या रांगेतून सावरकरांचा प्रश्न येणारच, म्हणून आधीच सांगतो. ८ जुलै १९१० ला मार्सेयला 'मोरिया' बोटीतून त्यांनी मारलेली उडी ही भर समुद्रातली नव्हती. बोट फ्रान्सच्या बंदरात होती, आणि ते पोहून फ्रान्सच्या जमिनीवर पोचले. म्हणूनच तो फ्रान्सच्या सार्वभौमत्वाचा प्रश्न झाला. हेगच्या लवादाने २४ फेब्रुवारी १९११ ला निकाल दिला: फ्रेंच शिपायाने त्यांना परत ब्रिटिशांच्या हाती दिलं यात अनियमितता झाली, पण म्हणून त्यांना फ्रान्सकडे परत देण्याचं बंधन ब्रिटनवर नाही. सावरकरांच्या राजकारणाबद्दल या खोलीत दोन टोकांची मतं आहेत, माझंही एक आहे. पण कायद्याच्या अंगाने बघा. लवादापुढे पक्षकार दोनच होते, फ्रान्स आणि ब्रिटन. ज्याच्या जन्माचा प्रश्न होता तो माणूस पक्षकारच नव्हता. दार ठोठावायचा अधिकार त्याला नव्हता.

शंभर वर्षांनी तेच चित्र केरळात दिसलं. १५ फेब्रुवारी २०१२. 'एन्रिका लेक्सी' या इटालियन तेलवाहू जहाजावरच्या दोन इटालियन नौसैनिकांनी 'सेंट अँटनी' या मच्छिमार बोटीवर गोळ्या झाडल्या. त्यांना म्हणे चाचे वाटले. दोन मच्छिमार मेले. जागा किनाऱ्यापासून साधारण साडेवीस सागरी मैल, म्हणजे १२ च्या बाहेर आणि २४ च्या आत. केरळ म्हणतं आमचा खटला, दिल्ली म्हणते केंद्राचा, रोम म्हणतं आमचा. प्रकरण केरळ उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय, हॅम्बर्ग, हेग असं फिरलं. २०२० मध्ये लवादाने सांगितलं की अधिकार दोन्ही देशांना आहे, पण नौसैनिक सरकारी कामावर असल्याने भारताला त्यांच्यावर खटला चालवता येणार नाही. बोटीच्या हक्कांचा भंग झाला म्हणून इटलीने भरपाई द्यावी. १० कोटी रुपये ठरले, आणि जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण बंद केलं. मरण पावलेल्या प्रत्येकाच्या कुटुंबाला चार कोटी, बोटमालकाला दोन कोटी. ही रक्कम मिळाली कारण केरळात लोकांनी आवाज उठवला आणि सरकारला दार ठोठावावं लागलं.

जिथे आवाज उठत नाही तिथे काय होतं? त्याच मुद्द्यावर मी येतोय.

कोकणातल्या कितीतरी घरांत एक माणूस 'शिपवर' असतो. पूर्वी खलाशी, सारंग, भंडारी म्हणून जात, आता मुलं कोर्स करून जातात. जगातल्या जहाजांना माणसं पुरवणाऱ्या मोठ्या देशांत भारत आहे. आणि मालकांनी वाऱ्यावर सोडून दिलेल्या खलाशांतही अलीकडे भारतीय सर्वांत जास्त आहेत. आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघाने २०२४ मध्ये तीन हजारांहून अधिक खलाशांची अशी प्रकरणं नोंदवली. वाऱ्यावर सोडणं म्हणजे काय? मालकाचं दिवाळं निघतं किंवा तो फोन उचलायचा बंद होतो. जहाज कुठल्या तरी बंदराबाहेर नांगर टाकून उभं. पगार नाही, डिझेल नाही, पिण्याचं पाणी मोजून. उतरता येत नाही, कारण व्हिसा नाही, आणि जहाज सोडलं तर पगारावरचा दावा दुबळा होईल ही भीती. झेंड्याच्या देशाला फोन केला तर तो फोन कुठल्या तरी तिसऱ्याच देशातल्या ऑफिसात वाजतो.

इथेही कायदा आहे, आणि चांगला आहे. ज्या युक्तीने नॉरफोकच्या कोर्टाने बुडालेलं सोनं हाती घेतलं, तीच युक्ती खलाशालाही उपलब्ध आहे: जहाजालाच प्रतिवादी करा. भारतात हा रस्ता रुंद झाला तो गोव्याच्या एका प्रकरणामुळे. १९८४ च्या फेब्रुवारीत 'एलिझाबेथ' हे परदेशी जहाज मुरगाव बंदरातून मालाच्या पावत्या न देताच निघून गेलं. माल पाठवणारी कंपनी गोव्याची. पुढे ते जहाज विशाखापट्टणमला आलं तेव्हा तिने ते अटकवलं. जहाजाच्या बाजूने म्हटलं गेलं की इंग्रजांच्या १८६१ च्या कायद्यात फक्त आत येणाऱ्या मालाचा उल्लेख आहे, बाहेर जाणाऱ्या मालासाठी जहाज अडवता येत नाही. १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे फेटाळलं. स्वतंत्र देशाची उच्च न्यायालयं व्हिक्टोरियाच्या काळातल्या एका वाक्याला बांधलेली नाहीत, असा त्या निकालाचा आशय. आता २०१७ चा सागरी दाव्यांचा कायदा आहे, तो १ एप्रिल २०१८ पासून लागू झाला. मुंबईसह किनाऱ्यावरच्या राज्यांची उच्च न्यायालयं आपल्या हद्दीत आलेलं कुठल्याही झेंड्याचं जहाज अटकवू शकतात. जहाज विकून पैसे वाटायची वेळ आली तर सागरी हक्कांच्या रांगेत पहिला नंबर खलाशांच्या पगाराचा आणि घरी परतण्याच्या खर्चाचा. गहाणाचे पैसे मागणारी बँक त्यांच्या मागे.

शिवाय २००६ चा सागरी कामगार करार आहे. भारताने तो २०१५ मध्ये मंजूर केला, अमेरिकेने केलेला नाही. २०१७ पासून त्यात तरतूद आहे की मालकाने आधीच विमा किंवा हमी घेऊन ठेवायची, आणि खलाशांना सोडून दिलं तर चार महिन्यांपर्यंतचा पगार आणि घरी जायचा खर्च त्यातून मिळायचा. त्याचं प्रमाणपत्र जहाजावर दिसेल असं लावलेलं असलं पाहिजे.

म्हणजे सोन्याच्या मालकाकडे जे हत्यार, तेच खलाशाकडे. फरक एवढाच की सोन्याच्या मालकाला ते माहीत असतं. शारजाबाहेर नांगरलेल्या जहाजावरच्या बावीस वर्षांच्या मुलाला माहीत नसतं, आणि त्याच्या रत्नागिरीतल्या आईला तर नाहीच.

इथे बसलेले आपण काय करू शकतो? आपल्यापैकी अनेकांना गावाकडून फोन येतात, अमक्याचा मुलगा शिपवर जातोय, एजंट इतके लाख मागतोय, बघा जरा. पुढच्या वेळी तीन गोष्टी बघून द्या. एक, एजंटकडे मुंबईच्या नौवहन महासंचालनालयाचा भरतीचा परवाना आहे का. त्यांच्या संकेतस्थळावर यादी असते. परवाना नसलेल्याला एक रुपया देऊ नका, आणि परवानाधारकाला नोकरीसाठी खलाशाकडून पैसे घ्यायचा अधिकारच नाही. दोन, जहाजाचा सात आकडी आयएमओ क्रमांक मागा. नाव बदलतं, झेंडा बदलतो, हा क्रमांक बदलत नाही. त्यावरून जहाजाचा मालक, आधीची नावं, तपासणीत अडवलं गेलं होतं का, हे इंटरनेटवर फुकट पाहता येतं. 'मेगा रामा'सारखी रंगरंगोटी करून आता पूर्वीइतकं सहज निसटता येत नाही, ते या क्रमांकामुळे. तीन, पगार दोन महिने थकला की त्याच दिवशी तक्रार करायची: महासंचालनालय, खलाशांची युनियन, आणि त्या बंदरातला कामगार महासंघाचा निरीक्षक. करारानुसार दोन महिन्यांचा थकलेला पगार म्हणजे सोडून दिल्यासारखंच आहे. सहा महिने वाट पाहायची गरज नाही.

आणि शेवटी आपल्या घरचं. आई-बाबा उन्हाळ्यात येतात, आपण त्यांना मायामीहून क्रूझवर नेतो. जहाज बहामाजच्या किंवा पनामाच्या झेंड्याचं. भर समुद्रात कुणावर अत्याचार झाला, चोरी झाली, तर एफबीआय येईल असं आपण गृहीत धरतो. अमेरिकेचा कायदा परदेशी झेंड्याच्या अशा जहाजापर्यंत पोचतो, पण एका अटीवर: सफर अमेरिकेतून सुटणारी किंवा अमेरिकेत संपणारी हवी, आणि आरोपी किंवा पीडित व्यक्ती अमेरिकन नागरिक हवी. भारतीय पासपोर्टवर आलेली तुमची आई त्या वाक्यात बसत नाही. ग्रीन कार्डवाल्यांनीही आपण बसतो असं गृहीत धरू नये. भारताचा दंड कायदा आरोपी भारतीय असेल किंवा जहाज भारतीय असेल तर पोचतो, फक्त पीडित भारतीय असून भागत नाही. मग उरतं ते मागच्या बाजूला रंगवलेलं गाव. नुकसानभरपाईचा दिवाणी दावा करायचा तर तिकिटामागच्या बारीक अक्षरांत कोर्टाचं नाव आधीच छापलेलं असतं. वॉशिंग्टन राज्यातल्या एका जोडप्याने हे अनुभवलं. मेक्सिकोच्या किनाऱ्याबाहेर भर समुद्रात बाई पाय घसरून पडली, आणि १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तिकिटावर फ्लोरिडा छापलंय, तर फ्लोरिडालाच जा. दाव्याची मुदतही तिकिटाने एक वर्षापर्यंत कमी केलेली असू शकते. क्रूझला जाऊ नका असं मी म्हणत नाही. तिकीट वाचा, आणि काही घडलं तर जहाजावरच लेखी नोंद करून तिची प्रत घ्या.

आपण स्थलांतरित लोक. एका देशात राहतो, दुसऱ्याचा पासपोर्ट बाळगतो, कर एकीकडे, मतदान कुठेच नाही, अशा अवस्थेत आपल्यातल्या अनेकांनी दहा-पंधरा वर्षं काढली आहेत. माणूस एकीकडे आणि कागद दुसरीकडे असला की कसं वाटतं ते आपल्याला माहीत आहे. खलाशी हे आयुष्यभर भोगतो, तेही आपल्या घरात येणारा जवळजवळ प्रत्येक सामान वाहून आणताना. त्याच्या जहाजाचा कागद रेस्टनला किंवा डलसला आहे. निदान आपल्या ओळखीतल्या मुलांना तो कागद वाचून दाखवण्याइतके तरी आपण जवळ आहोत.

यापुढच्या बैठकीला कुणी सागरी कायद्याचे वकील आणता आले तर पाहू. ज्यांच्या नात्यात, गावात कुणी जहाजावर आहे, त्यांनी आज जाण्याआधी मला भेटा. त्या तीन गोष्टींचा मराठी कागद मी करून आणलाय, तो घेऊन जा आणि गावी पाठवा. आता प्रश्न विचारा.